भुलाबाईची गाणी आणि बोलायला शिकणारी मुलं

यवतमाळहून अमरावतीकडे निघालं की वाटेत नेर लागतं. जुन्या नोंदींत ते नेर परसोपंत म्हणून येतं. दारव्हा तालुक्यात मोडणारं, कापसाच्या पट्ट्यातलं गाव. आज ते स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे. या यवतमाळ जिल्ह्याला १९०५पर्यंत वणी जिल्हा म्हणत. त्याचा इतिहास सांगताना कापूस, जिनिंग, सावकारी आणि कर्ज यांवर भरपूर लिहून झालं आहे. इथली लहान मुलं बोलायला कशी शिकत, चारचौघांत मिसळायला कशी शिकत, हा इतिहास मात्र क्वचितच कुणी मांडतं. तो दप्तरात सापडत नाही. अंगणातल्या गाण्यांत आणि खेळांत सापडतो. आज मोठ्या शहरांत संगीतोपचार नावाने जे दिलं जातं, त्याचा गाभा वऱ्हाडातल्या या चालीरीतींत होता, असं माझं म्हणणं आहे. हा गाभा सुरांत किंवा रागांत नाही. गाणं दोघांत किंवा दहा जणांत वाटून घेतलं जातं आणि त्यात मुलासाठी जागा राखलेली असते, तिथे तो आहे. ही जागा गेली की गाणं उरतं, पण मुलाच्या बोलण्याला त्याचा उपयोग उरत नाही.

अगदी तान्ह्यापासून सुरुवात करू. मराठी घरांत आजी बाळाचा तळहात उघडून त्यावर लटका स्वयंपाक करते. भात होतो, वरण होतं, मग एकेका बोटाला वाटा मिळतो, आणि शेवटी आजीची दोन बोटं मनगटावरून, कोपरावरून चालत काखेत जाऊन गुदगुल्या करतात. हे सगळं एका ठेक्यात, गुणगुणत चालतं. काखेपाशी पोचण्याआधी आजी किंचित थांबते, आणि त्या थांबण्यात पुष्कळ काही घडतं. बाळ बोटांकडे बघतं, मग आजीच्या तोंडाकडे बघतं, श्वास रोखतं. काय होणार हे दोघांना ठाऊक असतं, आणि दुसऱ्यालाही ते ठाऊक आहे हेही ठाऊक असतं. गुदगुल्या झाल्यावर बाळ पुन्हा हात पुढे करतं. अजून एक शब्दही न आलेल्या मुलाने केलेली ही मागणीच आहे. बालविकासाचे अभ्यासक जिला सामायिक लक्ष म्हणतात, ती एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून बघण्याची क्षमता शब्दांच्या आधी यावी लागते. ती इथे दिवसातून चार वेळा, कुणी शिकवतंय याचा पत्ता न लागता, घटवून घेतली जाते.

मूल थोडं मोठं झालं की वऱ्हाडात भुलाबाई येते. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा, तशी विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी मुलींनी जमून गाणी म्हणायची. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, पण गाण्यांत ही दोघं देवघरातली न राहता शेजारच्या घरातली होतात. त्यात रुसवे आहेत, माहेरची ओढ आहे, दागिन्यांचे हट्ट आहेत. गाण्यांची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. कारल्याच्या वेलाचं प्रसिद्ध गाणं घ्या. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू सांगते, आधी वेल लाव. वेल लावला, आता जाऊ का? आधी कारलं येऊ दे. कारलं आलं, आता जाऊ का? प्रत्येक कडव्यात मागणी, अट, अटीची पूर्तता आणि पुन्हा मागणी. चाल तीच, चौकट तीच, बदलतो फक्त एखादा शब्द. पाच वर्षांच्या मुलीला सगळं गाणं पाठ नसलं तरी बदलणारा शब्द पुढे कोणता येणार हे तिला कळतं आणि तो ती मोठ्याने म्हणते. चौकट सोपी असल्यामुळे अर्धवट बोलणाऱ्या मुलीलाही गाण्यात शिरता येतं.

गाणी संपली की खाऊ ओळखायचा. घरातल्या बाईने खिरापत डब्यात झाकून ठेवलेली असते. ती डबा हलवून दाखवते. आवाज खळखळ येतो की दबका येतो यावर पोरी कान देतात. गोड की तिखट, कोरडं की ओलं, असे प्रश्न विचारतात, उत्तरं ऐकतात, अंदाज बांधतात, चुकतात, पुन्हा विचारतात. शेवटी ओळखतात किंवा हरल्याचं कबूल करतात, आणि दोन्ही वेळा खाऊ मिळतोच. भाषाशिक्षणाच्या नजरेने पाहिलं तर इथे प्रश्न विचारणं, आधी विचारलेलं लक्षात ठेवणं, दुसरीच्या प्रश्नातून आपला अंदाज सुधारणं आणि आपला डाव येईपर्यंत गप्प राहणं, एवढा सराव होतो. चुकण्याची शिक्षा नसते. आज या घरी, उद्या त्या घरी, असं महिनाभर चालल्यामुळे लाजाळू मुलीलाही पहिल्या दिवशी नुसतं टाळी वाजवत बसण्याची मुभा असते आणि पंधराव्या दिवशी एखादा प्रश्न विचारण्याची संधी असते.

असं गाणं मुलींपुरतं किंवा एका समाजापुरतं नव्हतं. पोळ्याला विदर्भात झडत्या नावाच्या तालबद्ध ओळी म्हणतात. एक जण तालात झडती टाकतो आणि जमलेला गाव एका आवाजात प्रतिसाद देतो. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं निघतात, तेव्हा मोठ्यांची ही रीत त्यांच्या कानावरून गेलेली असते. बंजारा तांड्यांवर तीजेच्या सणात मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि रोज त्याला पाणी घालताना फेर धरून गातात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याकडून उत्तरं वदवून घेतली, आणि तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवरच्या भजनांतून अख्ख्या गावांना एका ठेक्यावर आणलं. या प्रदेशात गाणं नुसतं ऐकून घेण्याची गोष्ट क्वचितच होती. साद आणि प्रतिसाद हा इथल्या गाण्याचा स्वभाव होता, आणि मुलं त्यात वाढत होती.

हा स्वभाव शाळेत कसा पोचला, त्याचाही एक धागा वऱ्हाडातून जातो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांची लग्नानंतरची काही वर्षं अमरावतीत गेली. पुढे राजकोटमार्गे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी १९२०मध्ये तिथे बालमंदिर काढलं होतं आणि माँटेसोरी पद्धतीला आपल्याकडच्या गोष्टी, गाणी आणि नाट्य यांची जोड दिली होती. १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची आणि महागडी साधनं परवडत नाहीत तर गावात मिळेल त्यातून ती बनवायची, हे या दोघींचं तत्त्व. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. म्हणजे अंगणवाडी ही सरकारी व्यवस्था वऱ्हाडात अगदी पहिल्या दिवसापासून आहे. आज नेर तालुक्यात मूल तीन वर्षांचं झालं की घराबाहेरच्या ज्या पहिल्या गटात ते बसतं, तो गट बहुधा अंगणवाडीचाच असतो.

ताराबाई आणि अनुताई यांचं काम चालू होतं त्याच काळात पश्चिमेकडे संगीतोपचार ही स्वतंत्र विद्याशाखा आकार घेत होती. अमेरिकेत १९४४मध्ये मिशिगन स्टेट कॉलेजात तिचा पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला, १९५०मध्ये राष्ट्रीय संघटना झाली, १९५८मध्ये ज्युलिएट अल्विन यांनी ब्रिटनमध्ये संस्था काढली. लहान मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचं काम पॉल नॉर्डॉफ या अमेरिकी संगीतकाराने आणि क्लाइव्ह रॉबिन्स या इंग्रज विशेष शिक्षकाने १९५९पासून इंग्लंडमधल्या सनफिल्ड या मुलांच्या निवासी संस्थेत केलं. त्यांनी ठरलेलं गाणं मुलासमोर वाजवलं नाही. मूल ढोलावर जसं मारेल, जसं ओरडेल, त्याचा ठेका आणि सूर पकडून पियानोवर त्याला जागच्या जागी उत्तर दिलं. मुलाला कळतं की आपण काही केलं की समोरून काहीतरी येतं. मग ते पुन्हा करतं, थोडं बदलून करतं, वाट बघतं. न बोलणाऱ्या मुलाशी संवाद सुरू करण्याची ही रीत पुढे जगभर पसरली. तळहातावरच्या स्वयंपाकात आजी जिथे थांबते, तिथेच नॉर्डॉफही थांबत होता. फरक इतकाच की तो हे निदान झालेल्या मुलांसाठी, हेतुपूर्वक आणि नोंदी ठेवून करत होता.

याला पुरावा काय, हे विचारायलाच हवं. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी जर्मनीत चार वर्षांच्या ९६ मुलांवर केलेला, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. मुलांच्या जोड्या केल्या. तळं मांडलं, त्यात खेळण्यातले बेडूक, आणि बेडकांना जागं करण्याचा खेळ. काही जोड्यांनी तो गात, वाजवत, नाचत खेळला. बाकीच्यांनी तोच खेळ तेवढीच हालचाल करत, पण गाण्याशिवाय खेळला. नंतर दुसऱ्या एका खेळात एकाच्या हातातली गोट्यांची नळी मुद्दाम फसेल अशी केली होती. गाणं झालेल्या जोड्यांतली मुलं आपला खेळ बाजूला ठेवून साथीदाराच्या मदतीला जास्त वेळा धावली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला, २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून बोलका आहे. सहा महिन्यांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटात आईबाप आणि बाळं मिळून सहा महिने गाणी म्हणत, ठेका धरत होती. दुसऱ्या गटात खेळणी होती आणि मागे ध्वनिमुद्रित संगीत चालू होतं. वर्षाची झाल्यावर पहिल्या गटातली बाळं बोट दाखवणं, हात हलवून टाटा करणं असे संवादाचे हावभाव जास्त करत होती. संगीत दोन्ही खोल्यांत होतं. देवाणघेवाण एकाच खोलीत होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. संगीतोपचाराच्या सगळ्या चाचण्या इतक्या अनुकूल नाहीत. स्वमग्न मुलांवरची सर्वांत मोठी चाचणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ देशांतली, चार ते सात वर्षांची ३६४ मुलं त्यात होती. नेहमीच्या उपचारांना पाच महिने संगीतोपचाराची जोड देऊनही सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२२च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि १,१६५ व्यक्ती आहेत. एकंदर सुधारणा आणि जीवनाचा दर्जा यांत फायदा होत असावा असं तो सांगतो. पण उपचार संपल्याबरोबर मोजलेल्या सामाजिक देवाणघेवाणीत आणि बोलण्यात स्पष्ट फरक दिसत नाही, असंही बजावतो. हे लपवून संगीताची भलामण करणं मुलांच्या आईबापांशी अप्रामाणिकपणाचं होईल. मात्र या निष्कर्षांतून नेमकं काय कोसळतं ते पाहिलं पाहिजे. संगीताने स्वमग्नता जाते, हा दावा कोसळतो, आणि तो कोसळायलाच हवा. गाण्याच्या चौकटीत मुलाला संवादाची जास्त संधी मिळते, हा लहान दावा त्याने खोटा ठरत नाही. शिवाय तज्ज्ञासोबतचे आठवड्यातले ठरावीक तास आणि रोज संध्याकाळी शेजारच्या दहा मुलींबरोबर बसणं, यांची गाठ या चाचण्यांनी घातलेलीच नाही. त्यामुळे भुलाबाई उपचाराहून सरस, असं म्हणण्याचाही आधार नाही. रोजचा, ओळखीच्या माणसांतला सराव हा मुलाचा हक्क आहे आणि उपचार त्याच्या जोडीला हवा, एवढंच म्हणता येतं.

दुसरा आक्षेप इतिहासाचा अभ्यासक घेईल. जुन्या अंगणाला आजचं शास्त्र चिकटवणं हे गतकाळाचे गोडवे गाणं आहे, असं तो म्हणेल. त्यात तथ्य आहे. भुलाबाई कुणाच्या विकासासाठी मांडली जात नव्हती. गाण्यांतला मोठा भाग सासुरवासाचा आहे. आठ वर्षांची मुलगी जे गात होती ते तिच्या वाट्याला लवकरच येणाऱ्या आयुष्याचं वर्णन होतं. कुणाच्या अंगणात कोण बसणार, हे जात ठरवत होती. आणि ज्या मुलाला ऐकूच येत नाही, त्याला या खेळांत जागा होती असं मानायला काही कारण नाही. तो मुका म्हणूनच ओळखला जाई. म्हणून ही प्रथा जशीच्या तशी परत आणा, असं सांगण्यात अर्थ नाही. पण एखाद्या प्रथेचा हेतू आणि तिचा परिणाम या निराळ्या गोष्टी आहेत. कमलाबाई देशपांडे, साने गुरुजी, सरोजिनी बाबर यांनी स्त्रियांची गाणी गोळा केली, त्यामुळे त्यांतले शब्द वाचले. शब्दांमागची रचना, म्हणजे कुणी सुरुवात करायची, कुठे थांबायचं, कुणी पूर्ण करायचं, ही मात्र संग्रहात येऊ शकली नाही. शब्द जुने म्हणून बदलता येतात. रचना मुलांच्या कामाची आहे आणि तिला जात किंवा धर्म लागत नाही.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. आपल्याकडे रागांनी आजार बरे करण्याची परंपरा आहेच, मग बाळाला अमुक राग ऐकवला की पुरे, असं समजणारे थोडे नाहीत. त्यातूनच ध्वनिफिती विकल्या जातात आणि मोबाइलवर बडबडगीतं लावून मूल समोर बसवलं जातं. वर सांगितलेला कॅनडातला अभ्यास नेमका याविरुद्ध साक्ष देतो. मोबाइलमधलं गाणं मुलासाठी थांबत नाही. मुलाने हात पुढे केला तरी ते पुढे जातं, चुकीचा शब्द म्हटला तरी हसत नाही. गणपतीत आणि नवरात्रात लाउडस्पीकर आल्यावर मोठ्यांच्या गाण्यांचंही तेच झालं. साद उरली, प्रतिसाद गेला. वऱ्हाडात संगीत आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. मुलाच्या वाट्याला येणारी गाण्यातली जागा मात्र आक्रसली आहे.

म्हणून नेरसारख्या तालुक्यात करण्याजोगी गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. अंगणवाडीत गाणी आजही होतात. मुलं रांगेत उभी राहतात, ताई पुढे म्हणते, मुलं मागून म्हणतात. यात धिटुकली मुलं गातात आणि मागची नुसते ओठ हलवतात. त्याऐवजी पाच-सहा मुलांचं कोंडाळं करावं, गाण्यात एक शब्द रिकामा सोडावा आणि एकेका मुलाकडे बघून थांबावं. शब्द आला नाही तर टाळी चालेल, नजर चालेल. ज्यांच्या घरी गोरमाटी, गोंडी, कोलामी किंवा उर्दू बोलली जाते, त्यांच्या आयांकडून एकेक गाणं घेऊन त्याच फेरात म्हणावं. शाळेची मराठी यायच्या आधी त्या मुलाला गटात स्थान मिळेल. खाऊ ओळखण्याचा खेळ तर पोषण आहाराच्या डब्यावर रोज खेळता येतो. याचा आणखी एक फायदा आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे छापलेले असतात, पण ते तपासायचे कधी हा प्रश्न असतो. अशा फेरात कोणतं मूल हाकेला वळत नाही, कोणतं नजर देत नाही, कोणतं डाव घेत नाही, हे ताईला आठवडाभरात दिसतं.

असं मूल दिसलं तर गाण्यावर विसंबून थांबू नये. ऐकू न येणं, उशिरा बोलणं आणि स्वमग्नता या वेगवेगळ्या अवस्था आहेत, आणि त्या ओळखायला तपासणीच लागते. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत तपासणीला येतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि वाचा-भाषा दोष यांना मान्यता दिली आहे. मूल हाकेला वळत नसेल तर पहिली तपासणी कानांची करून घ्या. ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिरा बोलला’ असं म्हणून वर्ष घालवू नका. तपासणीची तारीख मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतरही रोज दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा, मुलासमोर बसून एक गाणं म्हणा, आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी ठेवा.